फाटकाजवळची दोन झाडं: स्ट्रॉबेरी ट्रीचं एक प्रकरण

फाटकापासून घराच्या पायरीपर्यंत फरसबंदी वाट आणि वाटेच्या दोन्ही अंगांना एकेक झाड. दोन्ही एकाच दिवशी, एकाच रोपवाटिकेतून आणून लावलेली. तेव्हा ती कमरेएवढी होती. पाच वर्षांनी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा उजवीकडचं माझ्या डोक्याच्या वर गेलेलं, गडद हिरवं, चेंडूसारखं गोल कातरलेलं होतं. डावीकडचं छातीपर्यंत येऊन थांबलं होतं. पानं पिवळट, शेंडे वाळलेले, आतल्या फांद्या उघड्या पडलेल्या. फळाच्या बाबतीत मात्र दोघंही सारखीच. पाच वर्षांत एकही नाही.

"भावोजी, एक मरायला टेकलंय आणि दुसरं वांझ निघालं," वहिनी म्हणाल्या. "हे म्हणतात, दोन्ही काढून टाकू."

हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतोय, कारण त्यात तीन चुका एकमेकींत गुंतलेल्या होत्या. एक पाण्याची, एक कात्रीची, आणि मधली एक माझी स्वतःची.

आधी झाड कोणतं ते

स्ट्रॉबेरी ट्री या नावानं निदान तीन वेगळी झाडं ओळखली जातात, आणि सल्ल्याचा निम्मा घोळ तिथेच होतो. एक म्हणजे मुंटिंजिया कॅलाब्युरा, उष्ण प्रदेशात झपाट्यानं वाढणारं, लहान गोड लाल फळांचं झाड. दुसरं कॉर्नस कॅपिटाटा, मूळ हिमालयाकडचं, मोठ्या फिकट पिवळसर दलांचं. त्याचं फळही दिसायला स्ट्रॉबेरीसारखं. तिसरं आर्ब्युटस उनेडो, भूमध्य समुद्राभोवतीच्या प्रदेशातलं आणि तिथून थेट आयर्लंडच्या नैऋत्येला किलार्नीच्या तळ्यांकाठी जंगली उगवणारं. शोभेचं सदाहरित झाड म्हणून बागेत लावतात ते बहुधा हेच. स्ट्रॉबेरीशी या तिघांचंही काही नातं नाही.

वहिनींच्या झाडांवर फूल नव्हतं, फळ नव्हतं, रोपाची चिठ्ठी केव्हाच हरवलेली. तरी ओळखायला अडचण आली नाही. पान जाड, चामड्यासारखं, वरून चकचकीत, कडेला करवतीचे बारीक दाते. कोवळ्या फांदीचा रंग लालसर. जुन्या खोडाची साल तपकिरी, उभ्या पट्ट्यांनी सुटणारी. आर्ब्युटस उनेडोच.

हे झाड एरिकेसी कुळातलं, म्हणजे ऱ्होडोडेन्ड्रॉन, अझेलिया आणि ब्लूबेरीचं चुलत भावंड. हे ज्ञान डोक्यात ठेवूनच मी डावीकडच्या झाडापाशी वाकलो, आणि तिथेच फसलो.

माझी चूक

वसंत ऋतू होता. पिवळी पानं, चुनखडीची जमीन, आम्लप्रिय कुळ. मातीचा सामू (पीएच) तपासला तर ७.५ च्या वर, म्हणजे आम्लाच्या उलट बाजूला. मला वाटलं, निदान झालं. चुनखडीच्या जमिनीत ऱ्होडोडेन्ड्रॉनला लोह उचलता येत नाही आणि पानं पिवळी पडतात, हे शंभरदा पाहिलेलं. मी चिलेटेड लोह, म्हणजे अशा जमिनीतही मुळांना उचलता येईल असं लोह, द्यायला सांगितलं, जोडीला आम्लप्रिय झाडांचं खत. वहिनींनी सगळं काटेकोरपणे केलं. उन्हाळा संपत आला तेव्हा डावीकडचं झाड होतं त्याहून वाईट झालेलं.

आता मागे वळून पाहिलं की दोन गोष्टी लाजवतात. पहिली म्हणजे आर्ब्युटस उनेडो हा या कुळातला अपवाद आहे. चुना त्याला बऱ्यापैकी सोसतो. पश्चिम अमेरिकेतला त्याचा भाऊ आर्ब्युटस मेन्झिसाय आम्लधर्मी जमीन मागतो, हा मागत नाही. दुसरी गोष्ट तर पुस्तक न उघडताही दिसायला हवी होती. लोह कमी पडलं की आधी कोवळी पानं पिवळी होतात आणि शिरा हिरव्या राहतात, जाळी काढल्यासारखं पान दिसतं. इथं जुनी पानंही सरसकट पिवळट होती, शिरांसकट. शिवाय त्याच मातीत, चार पावलांवर, उजवीकडचं झाड हिरवंगार उभं होतं. चुना दोषी असता तर त्यानं एकालाच का धरावं?

दोन झाडं शेजारी असली की अर्धं उत्तर दुसऱ्या झाडात असतं. मी दुसऱ्याकडे पाहिलंच नाही, कारण ते बरं होतं.

खुरपं घेऊन दुसरी भेट

उन्हाळ्याच्या शेवटी परत गेलो तेव्हा सामू मोजायचं यंत्र घरी ठेवलं आणि खुरपं नेलं.

डावीकडचं झाड हिरवळीच्या पट्ट्यात होतं. गवत थेट खोडाला टेकलेलं. बुंध्याशी खरवडायला लागलो तर आधी कुजकी साल, मग लाकडाच्या चिपळ्यांचं आच्छादन, मग खत मिसळलेली माती, असे थर निघत गेले. मूळ सुरू होतं तिथला फुगवटा वरून ८ सेंमी खाली सापडला. दरवर्षी "झाडाला माती लावायची" म्हणून थोडी थोडी भर टाकली गेली होती. खोडाभोवतीची माती मुठीत दाबली तर गोळा झाला आणि बोटांच्या फटीतून पाणी आलं. गेल्या दहा दिवसांत पाऊस नव्हता.

नखानं साल खरवडली. जमिनीच्या वर, हिरवी. जमिनीलगत, तीनपैकी एका खोडाची गडद तपकिरी, ओलसर, आणि तिला आंबूस वास. मग झाडापासून हातभर अंतरावर ३० सेंमी खोल खड्डा केला, बादलीभर पाणी ओतलं आणि वहिनींना सांगितलं की सकाळी किती उरलं ते बघा. सकाळी फोन आला, "भावोजी, त्यात चिमणी आंघोळ करतेय."

त्या हिरवळीवर फवारे रोज संध्याकाळी वीस मिनिटं चालत होते, उन्हाळाभर. गवताला ते हवं होतं. झाडाला नको होतं. हे झाड ज्या प्रदेशातून आलं तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. एकदा मूळ धरलं की कोरडा उन्हाळा हा त्याचा नेहमीचा ऋतू. आपण त्याला नेमकी उलट रीत लावली होती, गरम माती आणि रोजची ओल. फायटोफ्थोरा या मुळं कुजवणाऱ्या, बुरशीसारख्या रोगाला हवं असतं ते हेच. त्याचे बीजाणू मातीतल्या पाण्यातून अक्षरशः पोहत मुळांपर्यंत जातात, आणि पाणी साचलेल्या मुळांना हवा मिळत नसल्यानं ती आधीच दुबळी झालेली असतात. मुळं गेली की पानं आधी पिवळी पडतात, मग शेंडे वाळतात. वरून पाहणाऱ्याला वाटतं झाड तहानलेलं आहे, म्हणून तो आणखी पाणी घालतो. वहिनींनीही तेच केलं होतं. फवारा कमी पडतो म्हणून एक रबरी नळी वेगळी.

उजवीकडे काय होतं? घर बांधताना उरलेला राडारोडा. विटांचे तुकडे, खडी, वाळलेलं सिमेंट. तिथे गवत कधी धरलंच नाही म्हणून फवारे बसवले नाहीत, आणि जमीन थोडी उताराची म्हणून पाणी थांबत नाही. त्या कोपऱ्याबद्दल दोघंही पाच वर्षं कुरकुरत होती. झाड तिथे मजेत होतं.

पानांवरच्या ठिपक्यांचंही सांगून टाकतो, कारण त्यावर बुरशीनाशकाच्या दोन बाटल्या खर्च झाल्या होत्या. दोन्ही झाडांच्या जुन्या पानांवर तपकिरी ठिपके होते, कडा जांभळट, भिंगाखाली मधोमध काळे कण. हा सेप्टोरिया या बुरशीचा पानठिपका. ओल्या हवेत येतो, दिसायला वाईट, झाडाला फारसा मारक नाही. जुनी पानं नवी पालवी पूर्ण झाल्यावर गळणारच असतात. ती गोळा करून बागेबाहेर टाकली की पुरे. सदाहरित म्हणजे पान कधीच न गळणारं असा समज असतो, आणि म्हणून दर उन्हाळ्यातली ही साधी पानगळ पाहून लोक घाबरतात.

कचऱ्याच्या टोपलीत फुलं

फळाचं कोडं मात्र उरलंच होतं. उजवीकडचं झाड निरोगी, ऊन भरपूर, वय पुरेसं. मग फळ का नाही?

उत्तर योगायोगानं मिळालं. आदल्याच आठवड्यात दादांनी विजेच्या कात्रीनं झाडाला गोल आकार दिला होता आणि कातरण कोपऱ्यात टोपलीत पडलेलं होतं. सहज एक फांदी उचलली. शेंड्याला लालसर दांडीवर मोहरीएवढे हिरवट मणी, पंधरा-वीस, घोसानं. दुसरी उचलली, तिच्यावरही तेच. अख्खी टोपली कळ्यांनी भरली होती.

या झाडाचं वेळापत्रक इतर बहुतेक फळझाडांसारखं नाही, आणि हे ध्यानात आलं नाही तर त्याच्याशी वागताच येत नाही. वसंतात नवी फूट येते. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात त्याच फुटीच्या टोकाला कळ्यांचे घोस धरतात. उत्तर गोलार्धात ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुमाराला ते फुलतात. पांढरी, कधी गुलाबी झाक असलेली, छोट्या मडक्याच्या आकाराची, तोंड खाली केलेली फुलं. फळ धरतं, पण पिकायला जवळजवळ वर्ष घेतं. म्हणजे पुढच्या शरदात गेल्या वर्षीची फळं लाल होतात तेव्हाच शेजारी यंदाची फुलं उमललेली असतात. हिरवं पान, पांढरं फूल, लाल फळ एकाच फांदीवर. इटलीच्या झेंड्याचे हेच तीन रंग, म्हणून तिथे या झाडाला राष्ट्रीय चिन्हासारखा मान मिळाला. माद्रिदच्या मानचिन्हात तर अस्वल याच झाडाला पुढचे पाय टेकून उभं आहे.

दादा वर्षातून दोनदा कातरत. वसंतात एकदा आणि उन्हाळा संपता संपता एकदा. दुसऱ्या कातरणीत त्या वर्षीचे घोस जात. आत कुठे दडून एखादा वाचलाच, तर त्याचं बारीक हिरवं फळ पुढच्या वसंतातल्या कातरणीत जाई. पाच वर्षांत दहा वेळा. झाड दरवर्षी फळाला बसत होतं आणि दरवर्षी त्याचा बहार टोपलीत जात होता.

मी दादांना टोपली दाखवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पण आकार छान आला होता ना?" आकार खरंच छान होता. पण गोलच चेंडू हवा असेल तर त्यासाठी दुसरी झुडपं आहेत. याची मजा सालीत आणि वाकड्या खोडात आहे. खालच्या फांद्या हळूहळू काढून खोडं उघडी ठेवली तर पंधरा-वीस वर्षांनी ते झाड बघायला लोक थांबतात.

काय केलं

डावीकडचं झाड उचलून कोरड्या जागी लावावं, असं दादांचं म्हणणं. मी नाही म्हटलं. आर्ब्युटसला मुळं हलवलेली आवडत नाहीत. लहान रोप लावावं, पहिल्या दिवशी जिथे लावलं तिथे राहू द्यावं, असा हा प्रकार. पाच वर्षांचं, त्यात अर्धी मुळं गेलेलं झाड उपटलं तर तिथेच खेळ संपला असता. झाडाला हलवण्यापेक्षा पाणी हलवावं असं ठरलं.

फवाऱ्यांची त्या बाजूची दोन तोंडं बंद केली. खोडाभोवती दीड मीटर त्रिज्येतलं गवत काढलं. बुंध्यावरची भर खुरप्यानं आणि शेवटी हातानं उपसली, फुगवटा उघडा केला. खालच्या अंगाला उताराच्या दिशेनं एक चर खणून त्यात खडी भरली, म्हणजे हिवाळ्याचं पाणी साचण्याआधी वाट काढेल. वर खडीचंच आच्छादन, खोडापासून वीतभर लांब. खत पूर्ण बंद. लोहही बंद. आळं केलं नाही. वहिनींना आळ्याशिवाय झाड उघडं-नागडं वाटत होतं. पण आळं पाणी धरण्यासाठी असतं, आणि इथे पाणी धरायचंच नव्हतं.

उजवीकडच्या झाडासाठी एकच सूचना दिली, कात्री कुलपात ठेवा.

कुजलेलं खोड मात्र लगेच कापलं नाही. हिवाळा तोंडावर असताना हिरव्या लाकडात जखम करू नये. वसंतात नवी फूट दिसायला लागली, जिवंत कुठवर आहे ते कळलं, मग ते खोड बुडापासून काढलं. उरलेल्या दोन खोडांचे शेंडेही हिरवं लाकूड लागेपर्यंत मागे घेतले. झाड फारच केविलवाणं दिसायला लागलं. येणारेजाणारे विचारायचे, याचं काय झालं.

त्या उन्हाळ्यात कापलेल्या खोडाच्या बुडाशी, फुगीर लाकडातून, लालचुटूक धुमारे फुटले. सात होते. आर्ब्युटसच्या बुंध्याशी लाकडाची एक गाठ असते, तिच्यात सुप्त डोळे आणि साठवलेलं अन्न असतं. भूमध्य प्रदेशात वणव्यानं वरचं झाड जळून गेलं तरी या गाठीतून ते पुन्हा उठतं. बुंधा मातीत गाडलेला आणि चिखलात राहिला असता तर हीच गाठ कुजून गेली असती. आम्ही सातातले दोन चांगल्या अंतरावरचे धुमारे ठेवले, बाकीचे कोवळे असतानाच काढले.

दुसरा आणि तिसरा शरद

कात्री कुलपात गेली त्याच्या पुढच्या वर्षीच्या शरदात उजवीकडचं झाड फुललं. वरच्या फांद्यांवर घोसच घोस, आणि वर्षाच्या त्या दिवसांत दुसरं फारसं काही फुललेलं नसल्यानं मधमाश्यांची झुंबड. सार्डिनियात या फुलांचा मध कडवट म्हणून प्रसिद्ध आहे. वहिनी रोज फोटो पाठवायच्या. मग एका रात्री कडाका पडला आणि सकाळी वरच्या अंगाची उघडी फुलं तपकिरी झालेली. चांगलं रुजलेलं झाड उणे १० अंशांपर्यंतची थंडी सहसा काढतं, पण उमललेल्या फुलाला तेवढी ताकद नसते. भिंतीच्या बाजूची फुलं वाचली. फळं धरली ती तिथलीच.

पुढचे कित्येक महिने वहिनींच्या धीराची परीक्षा होती. वसंतात वाटाण्याहून लहान, हिरवी, खरखरीत गोळी. उन्हाळ्यात तीच, किंचित मोठी. "वाढतच नाहीत हो." शरद लागला तशी ती पिवळी, मग नारिंगी, मग लाल झाली, अंगभर बारीक काटेरी मणी लावल्यासारखी, दीड-दोन सेंटिमीटरची. वहिनींनी मोजली. एक्केचाळीस.

पहिलं फळ दादांनी नारिंगी असतानाच तोडलं आणि तोंड वाकडं केलं. ते हाताला मऊ लागेपर्यंत, नुसतं बोट लावलं तरी सुटेल इतकं पिकू द्यावं लागतं. तेव्हाही चव म्हणजे काही आंबा नव्हे. रवाळ गर, सौम्य गोडी, मध्येच बियांची कचकच. रोमन लेखक प्लिनीनं उनेडो हे नाव 'मी एकच खातो' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून आल्याचं लिहून ठेवलंय; एक खाऊन पोट भरलं म्हणून की एक खाल्लं तेवढं बस झालं म्हणून, यावर आमच्या त्या फाटकापाशी बराच वाद झाला. मुरंब्याला मात्र फळ बरं. पोर्तुगालमध्ये ते आंबवून त्याचा मेद्रोन्यो नावाचा अर्क गाळतात.

एक गोष्ट आधी सुचायला हवी होती. पिकलेली फळं फरशीवर पडून चिरडतात आणि डाग पडतात. चालायच्या वाटेला लागून मी हे झाड सुचवणार नाही. आता जे आहे ते आहे. दादा रोज सकाळी झाडू मारतात.

डावीकडचं झाड या शरदात खांद्यापर्यंत आलंय. जुन्या दोन खोडांपैकी एकाची पानं अजून फिकटच आहेत, त्याचा भरवसा नाही. दोन्ही धुमारे मात्र जोमदार. त्यातल्या एकाच्या टोकाला परवा एक घोस दिसला, जेमतेम सात-आठ कळ्यांचा. वहिनींनी त्याला लाल दोरा बांधून ठेवलाय, दादांना दुरून दिसावा म्हणून.